‘सगळ्या मालिका 150’ : गोव्यातल्या मोबाईलवाल्यांना आणि केबलवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
गोव्यातले मोबाईल दुरुस्तीचे दुकानदार, टीव्ही बॉक्स विकणारे आणि केबल ऑपरेटर

सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याला वकिली करते. मोठी नव्हे, मुंडकार-भाटकारांचे (भाटकार म्हणजे जमीनमालक, मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) जुने दावे, न वटलेले चेक, एखादं पोटगीचं प्रकरण. कॉपीराइटचा खटला आजवर एकदाही माझ्या हाती आलेला नाही. तरी तुम्हाला याच विषयावर लिहिते आहे, कारण हा विषय सासूबाईंच्या फोनमधून आमच्या घरात शिरला.

सासूबाई पंचाहत्तरीच्या. तुळशीपुढे दिवा लावला, की साडेसात ते साडेनऊ त्या कुणाच्या नसतात. चार मालिका, ओळीनं. आणि आमच्या भागात जूनपासून साडेसातला आभाळ गडगडलं की वीज जाणार, हे ठरलेलं. चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी सांगतात, पण ते सासूबाईंना चालत नाही. ‘ती मध्ये आपल्या पदरचं घालते,’ म्हणतात. तेव्हा पुतण्यानं तोडगा काढला: आजीचा फोन बाजारातल्या दुकानात नेऊ. मीही बरोबर गेले. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढं तुम्हाला चार गोष्टी सुनावणार आहे.

दुकान नेहमीचंच. काचेचं कपाट, आत कव्हरांच्या माळा, वर पुठ्ठा चिकटवलेला. पुठ्ठ्यावर स्केचपेननं: ‘स्क्रीन गार्ड 100. चार्जिंग पिन 250. सगळ्या मालिका 150.’ आतला मुलगा गरम हवेच्या ब्लोअरनं कुठल्याशा फोनची पिन सोडवत होता. मान वर न करता म्हणाला, “आजी, खंयचें चॅनल जाय?” म्हणजे कुठलं चॅनल हवं? सासूबाई म्हणाल्या, “सगळीं.” त्यानं फोन घेतला, एक फाईल पाठवली, दाबली. फोननं इशारा दिला की हे ॲप अनोळखी ठिकाणचं आहे, फोनला आणि माहितीला धोका होऊ शकतो. त्यानं ‘तरीही इन्स्टॉल करा’ इतक्या सवयीनं दाबलं, की तो इशारा मी वाचेपर्यंत नाहीसाही झाला. दोन मिनिटांचं काम. दीडशे रुपये माझ्या पर्समधून गेले. पावती मागितली नाही, त्यानं दिली नाही. मी, वकील.

दोन-तीन महिने सगळं सुरळीत चाललं. चवथीच्या आधी, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं, सामान गोळा करायच्या गडबडीत, ॲपनं सांगितलं की अपडेट केल्याशिवाय पुढचा भाग दिसणार नाही. सासूबाईंनी दाबलं. त्यानं मेसेज वाचायची परवानगी मागितली, त्यांनी दिली. त्यांना वाटलं, मालिकेचेच मेसेज असतील. पाचव्या दिवशी पेन्शनच्या खात्यातून दोन फटक्यांत 9,400 रुपये गेले. आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेत खेटे घातले. पैसे अजून आलेले नाहीत. ते त्या अपडेटमुळेच गेले, असं मी कोर्टात शपथेवर सांगू शकणार नाही. पण फोन साफ करून देणाऱ्या ओळखीच्या मुलाला त्यात एक बिनचेहऱ्याचं ॲप सापडलं, म्हणजे पडद्यावर चिन्ह नाही, नाव नाही, आणि आलेला प्रत्येक ओटीपी वाचायची मुभा मात्र आहे.

मी दुकानात गेले. भांडायलाच गेले होते. मुलगा घाबरला नाही, उलट त्यानं मलाच प्रश्न केला: “मॅडम, पळयल्यार गुन्यांव कसो जाता? सगळो गांव पळयता.” बघितलं तर गुन्हा कसा होतो? सगळा गाव बघतो.

घरी येईपर्यंत हा प्रश्न डोक्यात घुमत राहिला, कारण तो मुलगा अगदीच चुकीचं बोलत नव्हता.

2016 साली एका हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापुढं हीच गोष्ट आली होती. तेच उच्च न्यायालय, ज्याचं खंडपीठ आपल्या पर्वरीला बसतं. त्या काळात बंदी घातलेली वेबसाईट उघडली की पडद्यावर एक धमकीवजा मजकूर यायचा: हा मजकूर पाहणं, डाउनलोड करणं, दाखवणं हा गुन्हा आहे, तीन वर्षं कैद, तीन लाख दंड. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो मजकूर दुरुस्त करायला सांगितला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: गुन्हा नुसत्या पाहण्यात नाही, परवानगीशिवाय हक्कधारकाचं नुकसान होईल असं वाटप करण्यात, जाहीरपणे दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्यानं देण्यात आहे.

म्हणजे सासूबाई सुटल्या.

पण दुकानदार बंधूंनो, तेच वाक्य आता तुमच्या बाजूनं वाचा. बघणारा बाजूला झाल्यावर त्या वाक्यात उरतं कोण? वाटणारा आणि विकणारा. दीडशे रुपये घेऊन गावभर आजीबाईंच्या फोनमध्ये ते ॲप घालणारा माणूस बघणाऱ्यांच्या रांगेत उभा नाही. तो काउंटरच्या आत उभा आहे.

यातला कायदा थोडा उलगडून सांगते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांशी बोलल्यावर लक्षात आलं, की व्हॉट्सॲपवर फिरतो तो वेगळाच कायदा आहे. मालिकेचा प्रत्येक भाग हा 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या भाषेत ‘चलचित्रपट’ आहे, म्हणजे दृश्यांचं ध्वनीसकट केलेलं चित्रण. त्यावरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो. वर वाहिनीचा प्रक्षेपणाचा स्वतंत्र हक्क असतो, तो 25 वर्षांचा. म्हणजे एकाच भागावर दोन मालक बसलेले. काल रात्री लागलेली मालिका आज ‘जुनी झाली’ म्हणून कुणाच्या बापाची होत नाही. आणि लोकांना उपलब्ध करून देणं याची व्याख्या इतकी रुंद आहे, की प्रत्यक्षात कुणी पाहिलं का हे विचारतच नाहीत. पाहता येईल अशी सोय केली, एवढं पुरतं.

अशा वेबसाईटच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते, तुम्ही पाहिली असेल: आमच्याकडे एकही फाईल साठवलेली नाही, आम्ही फक्त इतरत्र असलेल्या गोष्टींचे दुवे देतो. ही ओळ वाचून कितीतरी शहाण्या माणसांना वाटतं की सुटलो. मलाही लॉकडाउनमध्ये वाटलं होतं. तेव्हा मी एक आख्खी मालिका अशाच एका ठिकाणी पाहिली, रोज दोन-दोन भाग, आणि त्या ओळीवर मनातल्या मनात युक्तिवादही रचला. तो युक्तिवाद कोर्टात टिकत नाही. 2019 च्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अशा 30 वेबसाईटींबद्दलच्या खटल्यात लबाड वेबसाईट ओळखायची कशी, याच्या खुणाच सांगून ठेवल्या: मालकाचं नाव-गाव लपवलेलं आहे का, तक्रार आली तरी मजकूर तसाच राहतो का, मुख्य धंदाच चोरीच्या मालावर चालतो का, बंदी आली की दुसऱ्या नावानं उगवते का. आता आपल्या पुठ्ठ्यावरच्या तिसऱ्या ओळीला या खुणा लावून बघा.

त्याच निकालानं आणखी एक सोय केली. एका नावावर बंदी घातली की ती वेबसाईट शेपूट बदलून नव्या नावानं येते. अशी जुळी भावंडं त्याच आदेशात जोडून घेता यावीत, दरवेळी नवा खटला नको, अशी ती सोय. 2023 मध्ये त्याच न्यायालयानं याच्याही पुढं जाऊन, अजून तयारच न झालेल्या कार्यक्रमांनाही हे संरक्षण लागू केलं. तुमचं गिऱ्हाईक दर पंधरवड्याला ‘चलना, नवी लिंक दी’ (चालत नाही, नवी लिंक दे) म्हणत परत का येतं, याचं कारण हे आहे. गिऱ्हाईक समजतं, मोबाईलवाला कामाचा नाही. तुम्ही समजता, सर्व्हर गेला. खरं म्हणजे कोर्टाचा आदेश येऊन पोचलेला असतो.

शिक्षेबद्दल. कलम 63 म्हणतं, जो जाणूनबुजून हक्कभंग करील किंवा त्याला साहाय्य करील, त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख दंड. ‘साहाय्य’ हा शब्द डोळ्यांसमोर ठेवा, कारण तुम्ही वेबसाईट चालवत नाही हे मला मान्यच आहे. कोर्टाला किमान शिक्षा कमी करायची मुभाही त्याच कलमात आहे, पण कुणासाठी? ज्यानं ते धंद्यात, कमाईसाठी केलेलं नाही त्याच्यासाठी. मैत्रिणीनं मैत्रिणीला लिंक पाठवली तर तिच्या वकिलाला त्या मुभेकडं बोट दाखवता येईल. तुमच्या वकिलाला येणार नाही. तुम्ही भाव लिहून पुठ्ठा लावला आहे.

2022 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की कलम 63 चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. त्याआधी यावर वकिलांत बराच खल चालायचा, उच्च न्यायालयांचीही मतं वेगवेगळी होती. आता नाही. दखलपात्र म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. वॉरंटची वाट बघत बसायची नाही. कलम 64 खाली उपनिरीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी माल जप्त करू शकतो. आणि जप्ती होते तेव्हा गिऱ्हाइकांचे दुरुस्तीला आलेले बारा फोन बाजूला ठेवून फक्त तुमचा लॅपटॉप नेतील, असं मला तरी वाटत नाही. ती बारा घरं दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात उभी राहतील.

पैसे भरायची अट काढून टाकलेलं ‘मॉड’ ॲप घालून देता, त्याचा वेगळा विचार करा. कुलूप लावलेलं असताना ते फोडणं याला 2012 च्या दुरुस्तीनं स्वतंत्र गुन्हा केलं आहे, कलम 65-अ, दोन वर्षांपर्यंत कैद. उलट, तीन लाख रुपये किमान दंडाची जी भीती फिरते, ती 2023 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या दुरुस्तीची. ती थिएटरात पडद्याचं चोरून चित्रण करणाऱ्यांसाठी आणि चित्रपटाची चोरीची प्रत नफ्यासाठी लोकांना दाखवणाऱ्यांसाठी आहे, चित्रपटांपुरती. मालिकेला लागू नाही. घाबरायचं तर नेमक्या गोष्टीला घाबरावं.

टेलिग्रामवर ‘आजचा भाग’ नावाचे गट चालवणाऱ्यांना वाटतं, तिथं आपला नंबर कुणाला दिसत नाही. 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका शिक्षिकेच्या तक्रारीवरून टेलिग्रामला अशा चॅनेलवाल्यांचा तपशील द्यायला लावला, आणि टेलिग्रामनं तो दिला. तिथं चोरीला गेली होती ती शिकवणीची व्याख्यानं.

आता तुमची बाजू. मी ती तीन-चार दुकानांत ऐकली, आणि त्यातली एक गोष्ट मला खरोखर अडवून बसली. डिचोलीच्या बाजूचे एक गृहस्थ म्हणाले, “वकीलबाई, वाहिनीवर ही मालिका आम्ही केबलचे पैसे भरून बघतो. पैसे एकदा दिले. वीज गेली म्हणून चुकलेला भाग नेटवर बघितला, तर चोरी कशी?” माणूस म्हणून याचं उत्तर देणं मला जड जातं. कायद्याचं उत्तर सोपं आहे: तुम्ही पैसे दिले ते केबलवरून बघण्याचे, तिसऱ्यानं ती मालिका उचलून आपल्या वेबसाईटवर लावण्याचे नाहीत. पण तो तिसरा कोण, हेही बघा. त्याच्या पानावर मालिकेच्या डोक्यावर, बुडाशी आणि मधोमध पैशांच्या जुगाराच्या जाहिराती असतात. संसदेनं 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तरी या पानांवर ते चालूच. मांडवीतल्या कॅसिनोंवर गावोगावच्या सभांत तावातावानं बोलणाऱ्या आपल्याच लोकांच्या देवघराशेजारी, आजीच्या फोनवर, तो पत्त्यांचा डाव नाचत असतो. पैसा तिथून येतो. आणि तेवढ्यानं भागलं नाही, तर ‘अपडेट’मधून येतो.

दुसरी बाजू म्हणजे ‘आपल्याकडं हे चालतंच’. गोव्यात कॉपीराइट कोण विचारतो? हा समज आपल्या सरकारलाही थोडासा होता म्हणायचं. 2024 च्या जानेवारीत राज्य सरकारनं परिपत्रक काढलं, की लग्न आणि लग्नाशी निगडित समारंभांत गाणी वाजवायला कुणाची परवानगी किंवा रॉयल्टी नको. हॉटेलवाले, बँडवाले, आम्ही सगळे खूश. ध्वनिमुद्रिकांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपन्या पर्वरीला गेल्या आणि ऑगस्टमध्ये खंडपीठानं ते परिपत्रक रद्द केलं. कायद्यात धार्मिक विधींसाठी जी सूट आहे, ती सरकार पत्रक काढून वाढवू शकत नाही, असा त्याचा मथितार्थ. सरकारच्या परिपत्रकाची ही गत, तर तुमच्या पुठ्ठ्याची काय होईल!

खरं तर हक्काची ही समज आपल्या मातीत नाही असं म्हणणंच मला पटत नाही. जत्रेच्या नाटकाकडं बघा. आमच्या गावात देवळाच्या जत्रेला रात्री अकरा-साडेअकराला पडदा वर जातो तो पहाटे खाली येतो. मीही एक वर्ष त्यात राजमातेचं काम केलं आहे. तिसऱ्या अंकात मुकुट घसरला त्याची आठवण लोक अजून काढतात. कायद्यात अशा हौशी प्रयोगांना मोकळीक आहे: प्रेक्षकांकडून पैसे घेत नसाल, किंवा प्रयोग धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असेल, तर तो हक्कभंग धरत नाहीत. तरीही आमच्या मंडळाचे म्हातारे अध्यक्ष दर वर्षी नाटककाराला, तो नसेल तर त्याच्या घरच्यांना, पत्र लिहितात. पूर्वी मनीऑर्डरनं 501 जायचे, आता फोनवरून जातात. एकदा मी त्यांना म्हटलं, “काका, कायद्यानं लागत नाही हे.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि पत्राची पोचपावती ठेवायला फाईल मागितली.

तियात्रवाल्यांनाही, म्हणजे कोंकणी संगीतनाट्यवाल्यांनाही, विचारून बघा. आपल्या कांतारांच्या (गाण्यांच्या) नकला बाजारात फिरल्या की पुढच्या सीडीचा खर्च कसा निघत नाही, हे ते तुम्हाला कोंकणीत आणि माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगतील.

आणि मालिका म्हणजे कुठल्यातरी दूरच्या मुंबईवाल्यांचा माल, असंही नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरणं बंद झाली, तेव्हा कितीतरी मराठी-हिंदी मालिकांची पथकं आपल्याकडं उतरली होती. माझा एक चुलतभाऊ तीन आठवडे त्यांचा टेंपो हाकत होता. दिवे, ट्रॉली, कपड्यांच्या पेट्या. आमच्याकडल्या दोन सुतारांनी एका मालिकेच्या वाड्याची ओसरी प्लायवूडमधून उभी केली. आधी मुंबईतला सेट पाहून त्यावरून हुबेहूब. मे उजाडला, कोविड वाढला, गदारोळ झाला आणि चित्रीकरणाला परवानगी देणाऱ्या गोवा मनोरंजन सोसायटीनं ती काढून घेतली. एका रात्रीत सगळं बंद. चुलतभावाचे काही दिवसांचे पैसे त्यात अडकले, ते चार महिन्यांनी आले. चोरून बघणाऱ्यांमुळं त्याचा रोज बुडतो, असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. रोजंदारीवाल्याला रोज मिळालेला असतो. पण मालिका टीआरपीवर जगते. टीआरपी मोजतात ती ठरावीक घरांत बसवलेल्या मीटरवरून, आणि चोरीच्या ॲपवर बघणारं घर त्यात कुठंच नसतं. ‘आमची मालिका मध्येच गुंडाळली’ म्हणून हळहळणाऱ्या किती बायकांनी ती वाहिनीवर पाहिली होती, हे एकदा विचारायला हवं. सासूबाईंना मी विचारलं. त्यांनी विषय बदलला.

केबल ऑपरेटरांनो, तुमच्यासाठी वेगळं फार लिहायची गरज नाही, तुम्हाला नियम माहीत आहेत. केबल नेटवर्कच्या 1994 च्या नियमांतच आहे, की हक्कधारकाची परवानगी नसलेला कार्यक्रम केबलवर दाखवायचा नाही. तुमच्या लोकल चॅनलवर शनिवारी रात्री लागणारे सिनेमे कुठून येतात, हे गावाला ठाऊक आहे. मात्र तुमच्याबद्दल मला सहानुभूतीही वाटते. चोरीचा बॉक्स घरात आला की पहिलं कनेक्शन कापलं जातं ते तुमचंच. आणि तो बॉक्स कधीकधी तुमच्याच पोऱ्यानं बसवलेला असतो, हेही मी पाहिलं आहे.

वाहिन्यांना मी साधू म्हणत नाही. सासूबाईंच्या चार मालिका तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ॲपवर विखुरलेल्या. प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, वेगळी वर्गणी, इंग्रजी सूचना, आणि ओटीपी यायच्या आत मिटणारी खिडकी. माझा दीर बोटीवर आहे, आपल्या भाषेत तारवटी. तिथं त्यानं पैसे भरायची तयारी दाखवली तरी ‘तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’ म्हणून उत्तर येतं. पंचाहत्तरीच्या बाईनं या भिंती चढाव्यात कशा, याचा विचार त्या कंपन्यांत कुणी केलेला दिसत नाही. तुमच्या पुठ्ठ्यावरची तिसरी ओळ तिथूनच जन्मली, हे मला कळतं.

पण म्हणूनच तुम्हाला लिहिते आहे, त्यांना नाही. सासूबाईंना ॲप हवं नव्हतंच. त्यांना हवा होता कुणीतरी धीरानं बसून लावून देणारा माणूस, आणि तो बाजारात तुमच्याशिवाय दुसरा नाही. वाहिन्यांची अधिकृत ॲपं आहेत, त्यांतलं काही जाहिराती बघून फुकट दिसतं, काहीला पैसे पडतात. प्रसार भारतीनं 2024 च्या नोव्हेंबरात आपल्या इफ्फीच्याच, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, उद्घाटनात ‘वेव्ज’ नावाचं ॲप सुरू केलं. त्यात दूरदर्शनच्या जुन्या मालिका आहेत, चालू वाहिन्याही आहेत. गोव्यातच सुरू झालेली ही गोष्ट फोंड्याच्या एकाही दुकानात मला कुणी सांगितली नाही! ही ॲपं लावून द्यायचे तुम्ही 150 घ्या, 200 घ्या. ती तुमच्या कामाची मजुरी आहे, तिला कुठलंही कलम लागत नाही. पावतीही देता येईल. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन पुन्हा हातात येतील तेव्हा ते चोरीचं ॲप काढून टाका, आणि मेसेज वाचायची परवानगी कुणाकुणाला दिली आहे, ते एकदा बघून द्या. अर्धं नुकसान तिथंच टळेल.

ज्या दुकानाची गोष्ट मी वर सांगितली, त्याचं नाव लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. तक्रारीत आम्ही जे घडलं ते लिहिलं आहे, त्याचं काय करायचं ते रायबंदरचे सायबर पोलीस बघतील. त्या मुलाला मात्र हे पत्र वाचून आपण कोण ते कळेल. येत्या शनिवारी दुपारी, गर्दी नसते तेव्हा, मी सासूबाईंना घेऊन येणार आहे. फोन नवीन आहे. तीन अधिकृत ॲपं घालायची, अक्षर मोठं करायचं, पासवर्ड त्यांच्या देवाच्या पोथीत ठेवलेल्या वहीत मराठीत लिहून द्यायचे. दीडशे ठरले. सासूबाईंची एकच अट आहे: मागच्या वेळेसारखं मान खाली घालून नको, जे जे दाबशील ते आधी त्यांना वाचून दाखवायचं.

आपली,
फोंड्यातली एक वकील